बटणावरचं नाव वाचता येतंय का?

मराठीत वाचायच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. वयाच्या चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर व्हायला लागतं, जवळची बारीक अक्षरं धूसर होतात, आणि माणूस वर्तमानपत्र हात लांब करून धरायला लागतो. भाषेने हे इतक्या वेळा पाहिलं की वयाचंच नाव वस्तूला देऊन टाकलं.

हा लेख तुम्ही बहुतेक फोनवर वाचत असाल. अक्षर बारीक वाटलं तर सेटिंगमध्ये जाऊन मोठं कराल, दोन सेकंदांचं काम. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये आज जवळजवळ सगळी गाणी रेकॉर्ड होतात आणि मिक्स होतात, तिथे ही सोय कित्येक वर्षं नव्हती, आणि काही ठिकाणी अजूनही नाही. एखादा जुना प्लगइन उघडून बघा. लाकडी कडा, चकाकते स्क्रू, कंपनीचं ठसठशीत नाव, आणि ज्या नॉबने आवाज बदलणार त्याच्याखाली मुंगीएवढं काहीतरी लिहिलेलं. ते ‘अटॅक’ आहे की ‘रिलीज’, हे नाक स्क्रीनला लावल्याशिवाय कळत नाही.

यात विचित्र गोष्ट अशी, की कान तयार व्हायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. ढोलकीच्या थापेतला ‘दम’ कुठे कमी पडतोय, गायकाच्या आवाजात नाकातला सूर कुठे जास्त येतोय, हे विशीत क्वचितच कळतं. ते कळायला लागतं तेव्हाच चाळिशी लागते. म्हणजे ज्या माणसाला नेमकं काय फिरवायचं हे उत्तम समजतं, त्याला कुठलं नॉब फिरवायचं हे दिसत नाही. ही वेळ कशी आली? त्यासाठी साधारण साठ वर्षं मागे जावं लागेल.

हाताला कळणारं वाद्य

१९६४ साली अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी आपला सिंथेसायझर लोकांसमोर आणला. कपाटाएवढं यंत्र, त्यावर नॉबच नॉब, आणि एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या तारा. १९७० साली त्यांच्या कंपनीने मिनीमूग बाजारात आणला, एका माणसाला उचलून नेता येईल असा. त्याच्या उभ्या पॅनेलवर प्रत्येक कामाला एक स्वतंत्र नॉब होतं. फिल्टर हवा असेल तर हात उजवीकडे कुठे न्यायचा, हे दोन आठवड्यांत वादकाच्या अंगवळणी पडायचं. पेटीवाला स्वरपट्टीकडे बघत बसत नाही, तसंच हे. अक्षरं होती, पण त्यांची गरज पहिल्या काही दिवसांपुरतीच.

स्टुडिओतली बाकीची यंत्रंही याच जातीची होती. १९६७ च्या सुमारास आलेला ‘११७६’ हा कंप्रेसर घ्या. चार नॉब, काही बटणं, एक मीटर. ही यंत्रं ज्या रॅकमध्ये बसवतात त्याची रुंदी ठरलेली आहे, १९ इंच, म्हणजे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. हाताच्या अंतरावरून त्यावरचं सगळं स्पष्ट दिसतं. हे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

बत्तीस अक्षरांची खिडकी

मग १९८३ आलं. यामाहाने डीएक्स७ काढला आणि सगळ्या जगाचा आवाज बदलला. ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांत जो काचेसारखा किणकिणणारा इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो, तो बहुतेक वेळा याचाच. त्यामागचं एफएम तंत्र स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेलं होतं. स्वरांत आणि दमात त्या काळातलं एक आश्चर्यच.

पण त्याच्या पॅनेलवर नॉब जवळजवळ नव्हतेच. नॉब महाग असतात. प्रत्येकामागे धातू, तार, जोडणी आणि कामगाराचा वेळ असतो. त्याऐवजी यामाहाने सपाट, दाबायची बटणं दिली, किंमत बदलायला एक स्लायडर दिला, आणि एक एलसीडी खिडकी दिली. खिडकीत दोन ओळी, प्रत्येक ओळीत सोळा अक्षरं. एका आवाजाच्या दीडशेच्या आसपास किंमती या बत्तीस अक्षरांच्या फटीतून एकेक करून बघायच्या. मोठ्या घरात शिरायला फक्त पत्रपेटीची फट ठेवावी, तसा प्रकार.

परिणाम काय झाला? बहुतेकांनी आवाज बनवणं सोडून दिलं. कंपनीने भरून दिलेले तयार आवाजच लोक वाजवत राहिले. डीएक्स७ चे आवाज स्वतः घडवणारे म्हणून ब्रायन ईनोसारख्यांचं नाव आजही वेगळं घेतलं जातं, यावरूनच ते किती दुर्मीळ होतं हे कळतं. ऐंशीच्या दशकातली इतकी गाणी एकाच आवाजात का वाजतात, याचं एक कारण त्या फटीत आहे. इंटरफेस वाचायला अवघड असेल तर माणूस समोर येईल ते घेतो. संगीताच्या इतिहासात छोट्या अक्षरांनी केलेला हा पहिला मोठा बदल.

यावर दोन उपाय निघाले. रोलंड कंपनीने वेगळी नॉबची पेटी विकायला काढली. पीजी-२०० ही जेएक्स-३पी साठी, पीजी-१००० ही डी-५० साठी. म्हणजे आधी पैसे वाचवायला नॉब काढायचे, मग तेच वेगळ्या डब्यात घालून विकायचे. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा ठरला. १९८३ मध्येच ‘मिडी’ ही वाद्यांची सामाईक भाषा आली होती. तिच्यामुळे सिंथेसायझर कॉम्प्युटरला जोडता येऊ लागला, आणि ऑपकोडसारख्या कंपन्यांनी अशी सॉफ्टवेअर काढली की डीएक्स७ च्या सगळ्या किंमती कॉम्प्युटरच्या पडद्यावर एकाच वेळी समोर दिसाव्यात. रोलंडने तर आपल्या एस-५० या सॅम्पलरला मॉनिटर जोडायची सोय दिली, छोट्या खिडकीऐवजी मोठ्या पडद्यावर काम करा म्हणून.

ही गोष्ट आज विसरली गेली आहे. संगीतात पडदा शिरला त्याचं एक मोठं कारणच हे, की वाद्यावरची अक्षरं फार बारीक होती. कॉम्प्युटर आला तो भिंग म्हणून.

कागदासारखा पडदा

भिंग म्हणून तो चांगलाही होता. ऑस्ट्रेलियातल्या पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी १९७९ मध्ये आणलेल्या फेअरलाइट यंत्राला हिरव्या अक्षरांचा मॉनिटर होता, आणि त्यावर प्रकाशाच्या पेनने थेट रेघ ओढता यायची. पण त्याची किंमत घराएवढी. सामान्य वादकाच्या टप्प्यात आला तो १९८५ चा अटारी एसटी. त्यात मिडीची भोकं आधीपासूनच होती, वेगळं काही विकत घ्यायला नको. आणि त्याचा कृष्णधवल मॉनिटर, एसएम१२४. बारा इंची, ६४० बाय ४०० ठिपके, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं, अगदी कागदावर छापल्यासारखी.

१९८९ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने या अटारीवर क्युबेस आणलं. डावीकडून उजवीकडे वाहणारा वेळ, एकाखाली एक ट्रॅक, आणि रंगवलेल्या पट्ट्यांसारखे गाण्याचे तुकडे. आज तुम्ही कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, फोनवरचं बँडलॅब उघडा, हीच मांडणी दिसेल. त्या पडद्यावर जागा कमी होती, त्यामुळे प्रत्येक खिडकीत जेमतेम लागेल तेवढंच असायचं. ठिपके ठळक, अक्षरं ठळक. दोन हात लांबून वाचता येत असे.

इथवरचा प्रवास चांगला चालला होता. पुढचं वळण सौंदर्याच्या हौसेने आणलं.

मुंबईतली ३०३ आणि पडद्यावरची ३०३

१९८२ मध्ये मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी एचएमव्हीसाठी एक रेकॉर्ड केली. दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. त्यात त्यांनी रोलंडची तीन यंत्रं वापरली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र, आणि टीबी-३०३ हे बेसचं. रेकॉर्ड फारशी चालली नाही. पुढे ३०३ आणि ८०८ याच जोडीवर शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाची अख्खी शैली उभी राहिली, आणि २०१० मध्ये ती मुंबईची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जगाने डोळे चोळले.

टीबी-३०३ वर आकडे किंवा नावं दाखवणारी खिडकीच नव्हती. स्वर एका फेरीत भरायचे, त्यांची लांबी दुसऱ्या फेरीत, दिवे बघत आणि मोजत. फार अवघड काम. पण वरच्या बाजूला एका ओळीत असलेली नॉब मात्र हातात येत होती. आलाप जसा उलगडत जातो तसा आवाज उघडत नेणं त्या नॉबमुळे शक्य होतं.

१९९७ मध्ये स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीने हीच यंत्रं कॉम्प्युटरच्या पडद्यावर आणली. सॉफ्टवेअरचं नाव रीबर्थ. दोन ३०३ आणि एक ८०८, हुबेहूब चित्रासकट. पुढे २००० मध्ये याच कंपनीचं रीझन आलं. त्यात पडद्यावर अख्खा रॅक दिसायचा, आणि टॅब दाबला की तो रॅक उलटा फिरून मागच्या तारा लोंबकळताना दिसायच्या. लोक खूश झाले. ज्यांना खरी यंत्रं कधी परवडली नसती त्यांना ती निदान दिसायला तरी मिळाली.

त्याच्या थोडं आधी, १९९६ मध्ये, स्टाइनबर्गने व्हीएसटी नावाचं तंत्र खुलं केलं होतं. त्यामुळे कोणीही क्युबेसमध्ये बसेल असं इफेक्टचं यंत्र, म्हणजे प्लगइन, बनवू लागलं. मोठ्या कंपन्या, छोट्या कंपन्या, खोलीत बसून एकटा काम करणारा विद्यार्थी, सगळेच. आणि जवळजवळ सगळ्यांनी एकच वाट धरली: खऱ्या यंत्राचं चित्र काढा.

ते चित्र कसं बनायचं हे समजून घेण्यासारखं आहे. पूर्ण पॅनेल म्हणजे एक फोटोसारखं चित्र, ठरलेल्या पिक्सेलचं. समजा रुंदी ६०० पिक्सेल. त्यावरच्या प्रत्येक नॉबसाठी एक उभी पट्टी, जिच्यात त्याच नॉबची अनेक चित्रं एकाखाली एक असायची, प्रत्येकात काटा थोडा पुढे सरकलेला. तुम्ही माउसने नॉब फिरवलं की सॉफ्टवेअर पट्टीतलं पुढचं चित्र दाखवायचं. सिनेमाच्या रिळासारखं. नॉबखालची अक्षरंही अनेकदा त्या मोठ्या चित्रातच रंगवलेली असायची. म्हणजे ती अक्षरं नव्हतीच, अक्षरांचं चित्र होतं. चित्रातला फाँट मोठा करता येत नाही.

आता ते अठ्ठेचाळीस सेंटिमीटर आठवा. खरं यंत्र तेवढं रुंद. तेरा इंची फुल एचडी लॅपटॉपवर ६०० पिक्सेल म्हणजे नऊ सेंटिमीटरच्या जेमतेम वर. यंत्र पाचपटीहून जास्त आक्रसलं, आणि त्यावरची अक्षरंही तेवढीच आक्रसली. शिवाय हात गेला. खऱ्या नॉबवर बोटांना कळायचं, इथे फक्त माउसचा बाण. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच दाखवून दिलं होतं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथे अचूक पोहोचायला वेळ जास्त. हूबेहूब नक्कल करताना नेमकी कामाची गोष्ट, म्हणजे आकार, मागे राहिली.

पिक्सेल बारीक झाले

तरीही २००० च्या आसपास हे चालून जात होतं. तेव्हाचे मॉनिटर डबड्यासारखे, सतरा इंची, १०२४ बाय ७६८ चे. त्यावर बारा पिक्सेल उंचीचं अक्षर पावणेचार मिलिमीटरच्या आसपास दिसायचं. वर्तमानपत्राच्या मजकुरापेक्षा मोठं. प्लगइन बनवणाऱ्याने आपल्या टेबलावर बघून आकार ठरवला, आणि त्याच्या टेबलावर तो ठीक होता.

मग पडद्यांची जात बदलली. २०१० मध्ये आयफोन ४ आला, एका इंचात ३२६ पिक्सेल. २०१२ मध्ये अ‍ॅपलने तसाच दाट पडदा मॅकबुक प्रोला दिला. पाठोपाठ विंडोजचे फोर-के लॅपटॉप आले. साधा हिशोब करा. बारा पिक्सेलचं तेच अक्षर तेरा इंची फुल एचडी पडद्यावर पावणेदोन मिलिमीटरच्या थोडं वर राहतं. पंधरा इंची फोर-के पडद्यावर ते जेमतेम एक मिलिमीटर. पडदा महाग घेतला, फोटो सुंदर दिसू लागले, आणि प्लगइनवरचं नाव औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखं झालं.

अ‍ॅपलने यातून एक सोपी वाट काढली. जुन्या सॉफ्टवेअरचा प्रत्येक पिक्सेल चार पिक्सेलच्या चौकोनात पसरवून दाखवायचा. आकार तोच राहिला, चित्र थोडं धुरकट झालं. विंडोजवर मात्र गुंता झाला. विंडोजही जुनं चित्र ताणून मोठं करू शकत होतं. पण त्यासाठी सॉफ्टवेअरला विचारलं जायचं: ‘दाट पडद्याचं तुझं तू बघतोस, की मी ताणू?’ या प्रश्नाचं उत्तर बराच काळ अख्ख्या प्रोग्रॅमसाठी एकच असायचं. क्युबेससारखं यजमान सॉफ्टवेअर म्हणालं ‘मी बघतो’, की त्याच्या आत बसलेल्या प्रत्येक प्लगइनलाही तेच उत्तर लागू. यजमानाची अक्षरं झकास मोठी, आणि पाहुणा प्लगइन टपाल तिकिटाएवढा. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. विंडोज ८.१, मग विंडोज १० च्या पुढच्या आवृत्त्या, अशी ही गाठ हळूहळू सैल होत गेली.

मग कंपन्यांनी आपले प्लगइन नव्याने का रंगवले नाहीत? त्यामागे आळसापेक्षा मोठी कारणं होती. नॉबची मूळ त्रिमितीय चित्रं दहा वर्षांपूर्वी कुणीतरी बनवलेली, ती फाइल सापडेलच असं नाही. प्रत्येक आकारासाठी शेकडो चित्रं पुन्हा काढायची, आणि एवढ्या कामातून आवाजात काडीचाही फरक पडणार नाही, म्हणजे ग्राहक त्यासाठी नवे पैसे देईलच असं नाही. आणि सगळ्यात नाजूक गोष्ट: जुनी गाणी. दहा वर्षांपूर्वीचं गाणं आज उघडलं तर ते तसंच वाजलं पाहिजे. त्यामुळे चालू यंत्राला हात लावायची भीती. काही प्लगइन तर बनवणारी कंपनीच बंद पडल्यामुळे तसेच गोठून राहिले.

भोगायचं मात्र वापरणाऱ्याला. लोकांनी आपापल्या युक्त्या काढल्या. महागड्या पडद्याचं रिझोल्यूशन मुद्दाम कमी करून ठेवायचं. प्लगइनच्या खिडकीसाठी जुना मॉनिटर शेजारी मांडायचा. किंवा नॉबच्या जागा पाठ करायच्या, डावीकडून तिसरं म्हणजे रिलीज. म्हणजे चाळीस वर्षांनी आपण पुन्हा मिनीमूगपाशी आलो, फक्त बोटांना काही लागत नव्हतं.

रेघ आणि चित्र यांतला फरक

सुटका झाली ती चित्राऐवजी रेघ वापरल्यामुळे. चित्र म्हणजे ठिपक्यांचा हिशोब: या जागी काळा, त्या जागी करडा. रेघ म्हणजे सूचना: इथून इथपर्यंत एवढ्या जाडीचं वर्तुळ काढ. सूचना कुठल्याही आकारात पाळता येते. भिंतीवर शंभर फुटी बॅनर छापा, वर्तुळ वर्तुळच राहतं. फ्लेक्सच्या दुकानात ज्यांनी कोरलड्रॉ पाहिलंय त्यांना हे सांगायची गरज नाही.

बर्लिनच्या एबलटन कंपनीचं लाइव्ह २००१ मध्ये आलं तेव्हाच सपाट होतं. लाकूड नाही, स्क्रू नाहीत, नुसत्या रेघा आणि चौकोन. तेव्हा अनेकांना ते बँकेच्या तक्त्यासारखं रुक्ष वाटलं. पण त्या रुक्षपणामुळेच पुढे सेटिंगमध्ये झूमचा एक स्लायडर ओढून अख्खा पडदा मोठा करणं त्यांना जमलं. बेल्जियमच्या इमेज-लाइनने २०१५ मध्ये एफएल स्टुडिओ १२ आणताना सगळा इंटरफेस रेघांनी नव्याने काढला. आपल्याकडे हळदीच्या आणि गणपतीच्या गाण्यांची रीमिक्स बनवणारी किती पोरं या सॉफ्टवेअरवर वाढली, हे तुम्हाला सांगायला नको. डच कंपनी फॅबफिल्टरने आपल्या इक्वलायझरला, प्रो-क्यू २ ला, खिडकी वाढवायची आणि पूर्ण पडदाभर पसरायची सोय दिली. इस्राएलच्या वेव्ह्जचे प्लगइन नव्वदच्या दशकापासून जगभरच्या स्टुडिओंत आहेत. त्यांच्या खिडक्या लहान-मोठ्या करायची सोय आली २०२२ मध्ये.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त रस वाटतो तो जस्टिन फ्रँकेल यांच्या प्रवासात. १९९७ मध्ये त्यांनी विनअ‍ॅम्प बनवलं. तुमच्या दादाच्या किंवा मामाच्या कॉम्प्युटरवर एमपीथ्री वाजवणारी ती छोटी काळी पट्टी आठवत असेल. त्या पट्टीवरची अक्षरंही बारीकच, पण कंट्रोल आणि डी दाबलं की ती दुप्पट व्हायची. खडबडीत दिसायची, पण वाचता यायची. पुढे फ्रँकेल यांनी गाणं बनवायचं सॉफ्टवेअर काढलं, रीपर, आणि त्याचं रूप बदलायची मुभा वापरणाऱ्यांनाच दिली. हवी ती रंगसंगती, हवी तेवढी बटणं. २०१९ च्या अखेरीस आलेल्या रीपर ६ मध्ये मूळ रूपही दाट पडद्यांसाठी मोठं होऊ लागलं. विनअ‍ॅम्पची दुप्पट आणि ही सोय, दोन्हींमागे एकच समजूत दिसते: आकार बनवणाऱ्याने ठरवायचा नसतो, बघणाऱ्याने ठरवायचा असतो.

भिंग का पुरत नाही

इथे एक शंका रास्त आहे. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये पडदा मोठा करायचं भिंग असतंच की. मग एवढा खटाटोप कशाला?

भिंग लावून काम करून बघा. पडद्याचा एक तुकडा मोठा होतो आणि बाकीचा बाहेर जातो. नॉब दिसतं, पण ते फिरवल्यावर मीटरचा काटा कुठे गेला ते दिसत नाही. मीटर बघायला सरकलं की नॉब हरवतं. मिक्सिंग म्हणजे दहा गोष्टींचा एकमेकांशी मेळ घालणं. कुलपाच्या भोकातून स्वयंपाक करता येईल का? अक्षर मोठं करताना मांडणीही नव्याने लागते. गौण बटणं मागे जातात, महत्त्वाची पुढे येतात. हे काम सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानेच करावं लागतं.

वेबसाइटसाठी हे नियमात लिहिलेलं आहे. २००८ मध्ये आलेल्या वेबच्या सुलभतेच्या नियमावलीत मजकूर दुप्पट मोठा केला तरी पान मोडता कामा नये, आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान साडेचारास एक एवढा फरक हवा, असं म्हटलंय. ती नियमावली प्लगइनसाठी लिहिलेली नाही. तिथे गडद करड्यावर फिकट करडं लिहिणं ही फॅशन मानली गेली. मंद दिव्यांच्या स्टुडिओत ते उठून दिसतं म्हणे.

ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्यासाठी प्रश्न आणखी कठीण. अक्षराचं चित्र असेल तर स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तिथे काहीच सापडत नाही. त्याच्या लेखी तो एक रिकामा चौकोन. जे गाण्यात कानावर जगतात त्यांच्यासाठी संगीताचं सॉफ्टवेअरच मुकं. यातही रीपरने वाट दिली, कारण ते बाहेरच्यांना जोडकाम करू देतं. एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर बनवणाऱ्या दोघांपैकी एक, ऑस्ट्रेलियाचे जेम्स टेह, स्वतः अंध आहेत. त्यांनी रीपरसाठी ओसारा नावाची जोड लिहिली, आणि कीबोर्ड व कान यांवर पूर्ण गाणं मिक्स करणं शक्य झालं. एबलटनने स्क्रीन रीडरची सोय दिली ती २०२४ मध्ये, लाइव्ह १२ पासून. सॉफ्टवेअर जन्माला आल्यानंतर तेवीस वर्षांनी.

अंधत्व आणि चाळिशी या दोन टोकांमध्ये बरेच लोक असतात. मोतीबिंदू, मधुमेहाने आलेला डोळ्यांचा त्रास, जन्मतः कमी दृष्टी. त्यातले कित्येक रेकॉर्डिस्ट आणि अरेंजर ‘आता पोरांच्या हातात दिलंय’ म्हणून बाजूला होतात. ते खुर्चीतून उठतात तेव्हा तीस वर्षांचा कानही उठतो.

आपल्या टेबलावर

आपल्याकडे या गोष्टीला एक उलटी बाजूही आहे. नवा मुलगा किंवा मुलगी सुरुवात करते ती बहुधा जुन्या, स्वस्त लॅपटॉपवर. १३६६ बाय ७६८ चा पडदा. तिथे अक्षरं वाचता येतात, पण मोठी केलेली नवी खिडकी पडद्याच्या खालून बाहेर जाते, आणि ‘ओके’चं बटण दिसतच नाही. म्हणजे नुसतं ‘मोठं करा’ पुरेसं नाही. लहान-मोठं दोन्ही करता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट देवनागरीची. रोमन अक्षर एका पट्टीत बसतं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. त्यामुळे दहा-अकरा पिक्सेलच्या जागेत ‘ढोलकी’ लिहिलं तर मात्रा आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात. इंग्रजीला जेमतेम पुरणारा आकार मराठीला पुरत नाही. म्हणून तर ट्रॅकची नावं आपण रोमनमध्ये लिहितो. सवय म्हणून सोडून देतो, पण त्यामागे कुणीतरी ठरवलेली पट्टीची उंची आहे.

आणि तिसरी, आशेची. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत गायकाच्या शेजारी आता फोन किंवा टॅबलेट दिसतो. पूर्वी तिथे बंगळूरच्या रेडेलने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणलेल्या जातीची इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी असायची, नॉबवाली. आता तानपुरा आणि तबला दोन्ही अ‍ॅपमध्ये. ती अ‍ॅप उघडून बघा. पट्टीचं नाव मोठं, लय दाखवणारा आकडा मोठा, बटणं बोटाएवढी. कारण मांडी घालून बसलेल्या माणसाला, मंचाच्या उजेडात, गाता गाता, एका नजरेत ते वाचायचं असतं. फोनवर हे आपोआप घडलं, कारण बोट माउसच्या बाणासारखं टोकदार नसतं. बोटाला किती जागा लागते हे अ‍ॅपलने आणि गुगलने आपापल्या नियमांत लिहूनच ठेवलंय. आयपॅडवर गॅरेजबँड २०११ मध्ये आलं तेव्हा त्याची बटणं कॉम्प्युटरवरच्यापेक्षा मोठी होती आणि संख्येने कमी होती. लोकांनी त्यावर गाणी केलीच.

तुम्ही आता विशीत असाल आणि यातलं काहीच तुम्हाला अडत नसेल. तरी पुढचा प्लगइन घेण्याआधी, मोफत असला तरी, एकदा बघून घ्या: खिडकीचा कोपरा ओढता येतो का, सेटिंगमध्ये आकाराचा पर्याय आहे का, नॉबखालचं नाव हात लांब करून वाचता येतं का. कुठे ‘१०० टक्के’ लिहिलेलं दिसलं तर ते कशाचे शंभर टक्के, हेही विचारा. बहुतेक वेळा ते पंचवीस वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी सतरा इंची मॉनिटरचे असतात, आणि तो मॉनिटर केव्हाच भंगारात गेलाय. आणि नसेल जमत तर बनवणाऱ्यांना मेल टाका. ज्या कंपन्यांनी खिडक्या वाढवल्या, त्यांच्यामागे वापरणारे वर्षानुवर्षं हेच मागत होते.